६४१ ने भागून पाहा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीत ४,२९,४९,६७,२९७ ही संख्या, म्हणजे दोनचा बत्तिसावा घात अधिक १, मूळ संख्या म्हणून छापली आहे. ती मूळ नाही. तिला ६४१ ने निःशेष भाग जातो आणि भागाकार ६७,००,४१७ येतो. ऑयलर या गणितीने हे १७३२ मध्येच दाखवून दिले होते. इतक्या वर्षांनी तीच चूक वाचून फार राग आला.

नववीत असताना प्रश्नमंजूषेत मला नेमका हाच प्रश्न आला होता. आदल्याच आठवड्यात मी तो भागाकार वहीत केला होता. या संख्येचा कोणताही मूळ विभाजक घ्या, त्याला ६४ ने भागल्यावर बाकी १ उरलीच पाहिजे, ही ऑयलरची युक्ती गणिताच्या बाईंनी सांगितली होती. त्यामुळे शेकडो संख्या आपोआप गळतात. १९३ घेतले, बाकी १०९. २५७ हे याच घराण्यातले (२ चा १, २, ४, ८, १६, ३२ असा दुप्पट होत जाणारा घात अधिक १, अशा या फर्माच्या संख्या), आणि या घराण्यातल्या कुठल्याही दोन संख्यांना १ सोडून सामाईक विभाजक नसतो, म्हणून ते सोडले. ४४९ ला बाकी ३२५, ५७७ ला २८८. मग ६४१ घेतले आणि खाली शून्य आले. मी तो भागाकार तीनदा पडताळला. इतका आनंद मला तोवर कुठल्याच गणिताने दिला नव्हता.

म्हणून मी ठामपणे 'मूळ नाही' असे सांगितले. परीक्षकांच्या हातातल्या कागदावर 'मूळ' असे होते. "फर्मासारखा गणिती चुकेल का?" असे म्हणून त्यांनी मला खाली बसवले. वही दप्तरात होती, ती काढूसुद्धा दिली नाही. ते आजही सलते.

फर्मा चुकला होता. ३, ५, १७, २५७, ६५,५३७ या पाचही मूळ आहेत, तेव्हा पुढच्याही असणार असे त्याला वाटले. सिद्धता त्याच्याकडे नव्हती. ६५,५३७ च्या पुढे या घराण्यात आजवर एकही मूळ संख्या सापडलेली नाही. लेखात हे यायला हवे होते, कारण पाच उदाहरणे जुळली म्हणून सहावे जुळतेच असे नाही, हे मुलांना दाखवायला याहून चांगली संख्या मला माहीत नाही.

आणखी एक. लेखात '२३२ + १' असे छापले आहे. तिथे २ चा ३२ वा घात हवा होता, घातांक खाली उतरला आहे. एखाद्या मुलाने ते जसेच्या तसे घेतले तर २३३ येतील, आणि २३३ खरोखरच मूळ आहे! म्हणजे पडताळणाऱ्यालाही लेख बरोबरच वाटणार.

कृपया दुरुस्ती त्याच पुरवणीत, त्याच जागी छापावी आणि सोबत ६४१ चा पूर्ण भागाकार मांडून द्यावा. घातांक वर चढवता येत नसेल तर 'दोनचा बत्तिसावा घात' असे अक्षरात लिहावे.

आपला,
एक नियमित वाचक