दादांचे खिळे

पुणे, २ सप्टेंबर

चि. मनीषा हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

दादांच्या वर्षश्राद्धाला तुला येता आले नाही. त्या दिवशी फोनवर तू म्हणालीस की, आजोबा म्हटले की तुला तांबडी शाईच आठवते. तिसरीत असताना तू पाठवलेले पत्र त्यांनी ऱ्हस्व-दीर्घ सुधारून परत पाठवले होते आणि तू दिवसभर रुसून बसली होतीस. मलाही तेव्हा त्यांचा रागच आला होता, हे आज कबूल करतो.

दादा चौदाव्या वर्षी, १९४६ मध्ये, शनिवार पेठेतल्या एका छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची धातूची सुटी अक्षरे, जुळवायला लागले आणि पुढची पंचेचाळीस वर्षे त्यांनी तेच काम केले. मराठीची जुळणी म्हणजे काही इंग्रजीसारखा सव्वीस अक्षरांचा मामला नव्हता. अर्धी अक्षरे, जोडाक्षरे, काने, मात्रा, रफार धरून शेकडो प्रकारचे खिळे, ‘केस’ म्हणजे खणांच्या पेटीत प्रत्येकाचा ठरलेला खण, आणि खिळ्यावरचे प्रत्येक अक्षर उलटे! डाव्या हातात स्टिक, म्हणजे ओळ जुळवायची छोटी चौकट, धरून, हस्तलिखितावरची नजर न हलवता ते उजव्या हाताने खिळे उचलत, आणि जुळलेली उलटी ओळ आपण वर्तमानपत्र वाचतो तितक्या सहज वाचत. खिळ्यांत शिसे असते, म्हणून हात घासून धुतल्याखेरीज आई त्यांना पानावर बसू देत नसे.

१९६२ मध्ये शुद्धलेखनाचे नवे नियम आले आणि ‘घरीं’, ‘तें’, ‘केलें’ यांवरचे अनुच्चारित अनुस्वार गेले. इतरांना ती सोय वाटली असेल. दादांना मात्र सोळा वर्षे बोटांत मुरलेली सवय मोडावी लागली. छापखान्यात त्यांनी ती मोडलीही, पण मला वसतिगृहावर येणाऱ्या त्यांच्या पत्रांत शेवटपर्यंत ‘येथें सर्व कुशल आहे’ असेच असे. नियमांवर इतका जीव असलेल्या माणसाने एवढी एक सूट स्वतःला दिली होती.

नावांच्या बाबतीत मात्र सूट नव्हती. तुझ्या जन्मदाखल्यावर कारकुनाने ‘मनिषा’ लिहिले, तेव्हा ‘नी’ दीर्घ करून घेण्यासाठी ते तीनदा खेटे घालून आले. लग्नपत्रिका जुळवताना नावाबद्दल शंका आली, तर सायकलवर टांग टाकून थेट यजमानांच्या दारात जात. माणसाचे नाव चुकीचे छापणे हा त्यांच्या लेखी अपमान होता, आणि तुझे पत्र त्यांनी सुधारले तेही, मला वाटते, तू त्यांना मोठी वाटत होतीस म्हणून. प्रेम दाखवण्याची ही रीत बरी नव्हे, असे तुझी आई म्हणते. तिचेही खरे आहे.

आता मुख्य गोष्ट. गेल्या आठवड्यात त्यांची ट्रंक उघडली, तेव्हा तळाशी जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेले एक जड पुडके निघाले. आत दोऱ्याने घट्ट बांधलेले मॅटर, म्हणजे खिळ्यांनी जुळवलेला मजकूर, होते. आरशासमोर धरून वाचले, तर ते तुझ्या बारशाचे निमंत्रण! छापून झाले की मॅटर सोडायचे, खिळे आपापल्या खणांत परत टाकायचे, हा छापखान्याचा नित्यनेम, कारण खिळे मोजकेच असत. आणि तो न पाळणाऱ्या पोरांवर दादा किती चिडत, हे मी लहानपणी पाहिले आहे. हे एक मॅटर त्यांनी सोडले नाही. पुड्यातच मालकांच्या सहीची पावतीही आहे: जुने खिळे, सव्वा किलो, रोख मिळाले. छापखाना खिळे न लागणाऱ्या ऑफसेट छपाईवर गेला आणि खिळे मोडीत निघाले, त्याच महिन्यातली ती आहे.

दोरा सोडण्याचे धाडस मी केलेले नाही. तू दिवाळीत येणार आहेस, तेव्हा थोडी शाई आणून ठेवतो. कागदावर एक ठसा काढून पाहू.

तुझे
बाबा