एकट्याने सायकल सहल काढताना परतीचा विचार आधी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

2020 मध्ये कोरोनाची टाळेबंदी सैल झाल्यावर बरेच जण एकट्याने लांबच्या सायकल सहली आखू लागले. गर्दी टाळायला हे उत्तमच होते. पण तालुक्याच्या दवाखान्यांवर आधीच ताण होता, गावकरी बाहेरच्या माणसाला धास्तावत होते आणि जिल्हा ओलांडायला ई-पास (ऑनलाइन प्रवास परवाना) लागत होता. अशा वेळी मुक्कामी सहल नकोच. रोज घरून निघून दिवस मावळायच्या आत घरी, असे तीन-चार दिवसांचे फेरे आखावेत.

औरंगाबादहून (आताचे छत्रपती संभाजीनगर) गंगापूर किंवा पैठणला जाऊन-येऊन साधारण 80 ते 100 किलोमीटर होतात. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा. पश्चिमेला गंगापूरकडे जाताना तो छातीवर घ्यावा, येताना पाठीशी मिळतो. पूर्वेला करमाडकडे निघालात तर सकाळी सायकल पळते आणि थकल्यावर तोच वारा समोरून येतो. बहुतेकांचा अंदाज इथेच चुकतो. म्हणून किलोमीटर नव्हे, वेळ धरावी. ठरवलेल्यातला निम्मा वेळ संपला की, आणि जाताना वारा पाठीशी असेल तर त्याच्याही आधी, जिथे असाल तिथून मागे फिरावे.

खरा त्रास बाभळीच्या काट्यांचा. पावसात ते डांबराच्या कडेला वाहून येतात. दोन ट्यूब, पॅच, सोल्युशन, दोन टायर लिव्हर, हातपंप, 4, 5 आणि 6 एमएमच्या ॲलन की आणि चेनची क्विक लिंक (तुटलेली चेन जोडायची कडी) हवीच. नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोट हळूच फिरवून काटा काढावा. तो राहिला तर तीही पाच मिनिटांत बसते. ट्यूबला प्रेस्टा (बारीक तोंडाचा) व्हॉल्व्ह असेल तर गावातल्या दुकानाचा पंप लागत नाही, पितळी अडॅप्टर जवळ ठेवावा. आणि जवळची वाट म्हणून पाणंदीत शिरू नये. काळी माती टायर आणि मडगार्डमध्ये ठासून बसते, चाक फिरतच नाही.

चेनला हात लावल्यावर सॅनिटायझरचा भरवसा धरू नये, वंगण लागलेल्या हातावर ते नीट काम करत नाही. साबणाची वडी आणि त्यासाठी वेगळे अर्धा लिटर पाणी हवे. घामाने भिजलेल्या मास्कमधून श्वास अडतो. दौलताबाद-खुलताबादच्या घाटात वेग कमीच ठेवावा आणि तीन कोरडे मास्क प्लॅस्टिकच्या पिशवीत न्यावेत.

पिण्याचे पाणी तीन लिटर. ओआरएसची एक लिटरची पुडी पूर्ण एक लिटरमध्येच घोळावी, घट्ट केल्यास उलट अपाय होतो. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, गूळ घरूनच न्यावे.

प्रत्येक थांब्यावरून घरी ठिकाण कळवावे. खिशात नाव, रक्तगट आणि घरचा फोन नंबर लिहिलेला कागद असावा, मोबाइल लॉक असतो तेव्हा तोच उपयोगी पडतो. अंगात कसर असेल किंवा वास येत नसेल तर निघूच नये. कोविड होऊन गेलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घाट चढू नये. छातीत दुखले किंवा धाप बसली नाही तर तिथेच उतरावे, रुग्णवाहिका बोलवावी आणि घरी कळवावे.

– एक सायकलस्वार वाचक, औरंगाबाद