फी माफ झाली, पण पोरीला ठेवायचे कुठे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बारावीचा निकाल लागला की आमच्या भागात पहिले दोन दिवस लोक एकमेकांना विचारतात, "किती पडले?" तिसऱ्या दिवसापासून प्रश्न बदलतो, "कुठे ठेवणार?" मुलगी हुशार आहे हे गावाला ठाऊक असते. शहरात तिच्या राहण्या-जेवण्याची सोय कोण करणार, एवढ्यावरच सगळे अडते.

मी बीड जिल्ह्यातील एका महाविद्यालयात एकवीस वर्षे शिष्यवृत्तीचे टेबल सांभाळले. आता निवृत्त आहे, तरी जून उजाडला की मुले कागदांची पिशवी घेऊन घरी येतात. ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय निघाला तेव्हा मी तो पारावर बसून मोठ्याने वाचून दाखवला होता. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) आणि एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) प्रवर्गातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्कात ५० ऐवजी १०० टक्के सवलत. निर्णय चांगलाच होता आणि आजही मी त्याच्या बाजूने आहे. पण त्याच वर्षी वस्तीवरच्या एका मुलीला अभियांत्रिकीला जागा मिळाली आणि तिचे वडील माझ्याकडे आले. "सर, फी माफ म्हणलात ना? मग हे चाळीस हजार कशाचे?"

मी त्यांना एकेक आकडा समजावला. माफी शिक्षण शुल्काची आणि परीक्षा शुल्काची, विकास शुल्क भरावेच लागणार. शासकीय वसतिगृहाची यादी लागायला अवकाश, वर्ग मात्र सुरू होणार, म्हणून खासगी वसतिगृहाचे सहा महिन्यांचे आगाऊ पैसे आणि वर अनामत. मेसचा पहिला महिना. ड्रॉइंगचे साहित्य, पुस्तके, एक गादी, एक बादली. सगळे मिळून चाळीस हजारांच्या घरात गेले, आणि तेही प्रवेश निश्चित करायच्या तीन-चार दिवसांच्या मुदतीत.

हे वडील ऊसतोड मजूर. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली आणि तो टनाला साधारण ३६६ रुपयांवर आला. नवरा-बायकोचा एक कोयता दिवसाला दीड-दोन टन ऊस तोडतो. चाळीस हजार म्हणजे जवळजवळ ११० टन. दोन माणसांनी पहाटे चारपासून थंडीत राबायचे, असे सुमारे दोन महिने. त्यात खाणे-पिणे, दुखणे-खुपणे धरलेले नाही. त्यांनी टोळीच्या मुकादमाकडे वाढीव उचल, म्हणजे मजुरीतली आगाऊ रक्कम, मागितली. मुकादम म्हणाला, उचल वाढवायची तर अर्धा कोयताही वाढवा. तो अर्धा कोयता म्हणजे मुलीचा धाकटा भाऊ, दहावी नुकताच पास झालेला. दसरा-दिवाळीनंतर तो आईबापांबरोबर उसाच्या फडात गेला. बहीण आज उत्तम शिकते आहे. भावाने बारावीसाठी पुढे सतरा नंबरचा, म्हणजे बाहेरून परीक्षेला बसण्याचा, फॉर्म भरला. हे त्या घराने गुपचूप सोसले, कुठे तक्रार केली नाही. ती मी करतो आहे.

रक्कम किती यापेक्षा ती कोणत्या दिवशी लागते, यावर गरिबाचे शिक्षण ठरते. पगारदार घरात चाळीस हजार ही गैरसोय असते. हातावर पोट असलेल्या घरात तीच रक्कम चार दिवसांत उभी करायची म्हणजे काहीतरी गहाण पडते. दागिना, शेळ्या, नाहीतर दुसरे लेकरू. उत्तर प्रदेशातील मुझफ्फरनगर जिल्ह्यातल्या एका रोजंदारी मजुराच्या मुलाला २०२४ मध्ये धनबादच्या आयआयटीत जागा मिळाली होती. १७,५०० रुपये मुदतीच्या आत भरता आले नाहीत म्हणून ती गेली. थेट सर्वोच्च न्यायालयाने ३० सप्टेंबर २०२४ रोजी घटनेच्या अनुच्छेद १४२ खालील विशेष अधिकार वापरला, तेव्हा त्याला प्रवेश मिळाला. त्या मुलाचे कौतुक झाले, व्हायलाच हवे. पण दिल्लीपर्यंत किती जण पोहोचणार? माझ्या टेबलासमोरून परत गेलेली मुले तर तहसीलच्या पुढेही कधी गेली नाहीत.

योजना नाहीत असे कोणी म्हणू नये. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार आहे, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयम आहे, ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठी सावित्रीबाई फुले आधार योजना आली, पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. स्वाधारची रक्कम मुंबई-पुण्यात वर्षाला ६० हजार ठरली, ती काही थोडी नव्हे. आधार योजना मात्र जिल्ह्याला ६०० विद्यार्थी अशी मर्यादा घालून सुरू झाली. आमच्या जिल्ह्यातून दरवर्षी किती कोयते बाहेर पडतात हे ज्याला माहीत आहे, त्याला हा आकडा किती तोकडा आहे ते सांगायला नको.

आणि यातली बहुतेक रक्कम येते खर्च होऊन गेल्यावर. आधी प्रवेश घ्या, मग महाडीबीटी या शासनाच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावर अर्ज भरा, मग महाविद्यालयाची छाननी, मग जिल्हा कार्यालयाची, मग 'त्रुटी' म्हणून अर्ज परत, मग मंजुरी, मग निधीची वाट. पहिल्या वर्षाचे पैसे दुसऱ्या वर्षी खात्यावर पडल्याची उदाहरणे मी हाताने नोंदवहीत लिहिली आहेत. अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीतला केंद्राचा ६० टक्के वाटा तर अलीकडे थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो आणि त्यातून त्याने महाविद्यालयाची फी भरायची असते. हेतू वाईट नाही. पण तो पैसा आला त्याच आठवड्यात आई दवाखान्यात असेल तर मुलाने काय करावे? नंतर मग परीक्षेचे हॉल तिकीट अडते. पात्र विद्यार्थ्यांकडून प्रवेशाच्या वेळी पूर्ण फी मागू नका, असे शासन महाविद्यालयांना वारंवार बजावते. महाविद्यालये म्हणतात, तुमचीच प्रतिपूर्ती थकली आहे, आम्ही पगार कुठून करावेत? दोघांचेही म्हणणे मी ऐकले आहे. मध्ये चिरडले जाते ते खिडकीसमोर उभे असलेले पोर.

आपल्याच महाराष्ट्रात हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी कोणीतरी नीट ओळखला होता. कोल्हापुरात राजाराम कॉलेज होते, पण खेड्यातला मुलगा तिथे शिकायला आला तर उतरणार कुठे? शाहू महाराजांनी १९०१ पासून एकामागून एक वसतिगृहे उभी केली ती यासाठी. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्याला आधी बोर्डिंग चालवले, महाविद्यालय १९४७ साली काढले. बोर्डिंगातल्या मुलांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा. त्याआधी, १८८२ साली, जोतीराव फुल्यांनी शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर आयोगापुढे सांगितले होते की सरकारी तिजोरी भरते रयतेच्या घामातून आणि उच्च शिक्षणावरचा खर्च जातो वरच्या थरातल्यांच्या कामी. आज फडात राबणाऱ्या बापाला हे वाचून दाखवले तर तो म्हणेल, यात जुने काय आहे?

माझी मागणी लहान आहे. कॅपच्या, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या, अर्जाबरोबर उत्पन्न, जात आणि अधिवासाची कागदपत्रे आधीच तपासली जातात. तीच कागदपत्रे महाडीबीटीवर पुन्हा मागून चार-सहा महिने का घालवायचे? ज्या दिवशी जागा वाटपाचे पत्र निघते, त्याच दिवशी पात्र विद्यार्थ्याच्या खात्यावर निर्वाह भत्त्याचा पहिला हप्ता जमा व्हावा, हिशेब नंतर करता येईल. आणि शासकीय वसतिगृहाचा अर्ज कॅपमध्येच घ्यावा, म्हणजे महाविद्यालय आणि खोली एकाच वेळी कळेल. मुली किती, खोल्या किती, हे जिल्हावार जाहीर करावे. जिथे खोल्या कमी आहेत तिथे इमारत होईपर्यंत भाड्याने जागा घ्यावी.

यंदाच्या प्रवेशफेऱ्यांआधी एवढे झाले पाहिजे. मुकादम उचल वाटायला बाहेर पडतात तेही साधारण याच सुमारास, जुलै-ऑगस्टमध्ये. मंजूर झालेले सरकारी पैसे त्यांच्या आधी वस्तीवर पोहोचावेत.

आपला,
शिष्यवृत्ती विभागातील एक निवृत्त वरिष्ठ लिपिक, जि. बीड