शिक्षकांचे डिजिटल कौशल्य वर्गात बसून तपासा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

शाळा उघडल्या की शिक्षकांच्या ऑनलाइन प्रशिक्षणांची पत्रे निघतात आणि त्यांच्या मागोमाग तालुक्याच्या टक्केवारीचे तक्ते फिरू लागतात. किती जणांनी नोंदणी केली, किती जणांना प्रमाणपत्र मिळाले, कोणते केंद्र, म्हणजे आसपासच्या शाळांचा गट, मागे राहिले. केंद्रप्रमुख म्हणून असे तक्ते वर्षानुवर्षे माझ्या हाताखालून गेले. या प्रशिक्षणाने वर्गातल्या मुलांना काय मिळाले, हा रकाना मात्र त्यात कधीच नव्हता.

आपल्याकडे या मोजणीची सुरुवात जुनी आहे. 2001 साली एमएस-सीआयटी हे संगणक-ज्ञानाचे प्रमाणपत्र आले, पुढे ते शासकीय कर्मचाऱ्यांना आणि शिक्षकांना सक्तीचे झाले. मुदतीत उत्तीर्ण न झालेल्यांच्या वेतनवाढी रोखल्या गेल्या, वसुल्याही निघाल्या. त्या धास्तीने हजारो शिक्षक प्रथमच संगणकासमोर बसले, हे मान्य केलेच पाहिजे. पण त्याच वेळी संगणक म्हणजे सेवापुस्तिकेतली एक नोंद, ही समजूत जी पक्की झाली ती आजही सुटलेली नाही. 2017 च्या शिक्षकदिनी ‘दीक्षा’ हे शिक्षणसाहित्याचे ऑनलाइन व्यासपीठ आले, 2019 मध्ये ‘निष्ठा’ हे शिक्षक-प्रशिक्षण आले. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकाला वर्षाला किमान 50 तासांचे व्यावसायिक प्रशिक्षण सांगितले. साधने चांगली आहेत. पण आपण तास मोजतो आणि प्रमाणपत्रे मोजतो.

त्याचा परिणाम कोणत्याही शिक्षकाला विचारा. व्हिडिओ एका बाजूला चालू ठेवायचा, शेवटच्या चाचणीची उत्तरे व्हॉट्सॲपवर आलेली असतात ती भरायची, प्रमाणपत्र गटावर टाकायचे. यासाठी मी शिक्षकांना दोष देणार नाही. त्याच आठवड्यात विद्यार्थ्यांचे आधार जुळवायचे असते, अपार आयडी काढायचे असतात, यू-डायस पोर्टलवर शाळेची माहिती भरायची असते, पोषण आहाराची रोजची नोंद असते. हे सगळे बहुतेकदा स्वतःच्या फोनवर, स्वतःच्या रिचार्जवर आणि रेंज मिळेल त्या टेकाडावर जाऊन. द्विशिक्षकी शाळेत हे करताना चार वर्ग सांभाळायचे असतात. माहिती भरण्याच्या या कामालाच आपण ‘तंत्रस्नेही’ म्हणू लागलो, हे मला सर्वांत घातक वाटते. पोर्टलवर भराभर नोंदी करणारा शिक्षक चांगला कारकून ठरेल. त्याच्या शिकवण्याबद्दल त्यातून काहीच कळत नाही.

माझ्या केंद्रातल्या एका वस्तीशाळेत एक बाई होत्या. तंत्रस्नेहींच्या यादीत त्यांचे नाव कधी आले नाही. त्या दर पंधरवड्याला प्रत्येक मुलाचे वाचन फोनवर ध्वनिमुद्रित करत आणि ते त्यालाच ऐकवत. कुठे अडखळलो हे मूल स्वतः सांगायचे. ठाकर समाजाच्या मुलांकडून त्यांनी घरच्या बोलीतले शब्द बोलून घेतले होते. पहिलीला नवीन आलेले मूल आधी ते ऐके, मग पुस्तकातला शब्द पाही. पालकसभेत जुलैतले वाचन आणि मार्चमधले वाचन लागोपाठ लावले की वेगळे प्रगतिपत्रक वाचून दाखवायची गरजच पडत नसे. दुसऱ्या एका शाळेत लोकवर्गणीतून आणलेला प्रोजेक्टर होता, शिक्षकांकडे प्रमाणपत्रांची फाइल होती, आणि मुले एकामागून एक व्हिडिओ पाहत निमूट बसलेली असत. मध्ये थांबून प्रश्न नाही, वहीत काही नाही. आपल्या तक्त्यात ही दुसरी शाळा पुढे होती.

जगात इतरत्र यावर विचार झालेला आहे. युनेस्कोच्या शिक्षकांसाठीच्या डिजिटल कौशल्यांच्या आराखड्याची 2018 ची आवृत्ती 18 क्षमता सांगते. युरोपीय संघाच्या 2017 च्या आराखड्यात 22 क्षमता सहा क्षेत्रांत मांडल्या आहेत आणि शिक्षकाने स्वतःची पायरी स्वतः ओळखावी अशी रचना आहे. त्या सहा क्षेत्रांत अध्यापन आहे, मूल्यमापन आहे, मागे पडणाऱ्या मुलाला सामावून घेणे आहे. साधन हाताळता येणे हे गृहीत धरलेले आहे, कारण खरे कौशल्य तिथून पुढे सुरू होते.

आपल्याकडे यासाठी नवी यंत्रणा उभारण्याची गरज नाही. केंद्रस्तरावरची शिक्षण परिषद, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांची बैठक, आहेच. तिथे पत्रकांचे वाचन कमी करून दर वेळी दोन शिक्षकांनी आपल्या वर्गातले पंधरा मिनिटांचे काम दाखवावे. साधन का निवडले, कोणत्या मुलाला त्याचा उपयोग झाला नाही, फोन नसता तर हेच कसे शिकवले असते, हे सहकाऱ्यांनी विचारावे. डाएट या जिल्ह्याच्या शिक्षक-प्रशिक्षण संस्थेतल्या अधिव्याख्यात्यांनी वर्षातून एकदा तरी प्रत्यक्ष वर्गात बसून पाहावे. आता कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनेही शिक्षकांच्या फोनमध्ये आली आहेत. त्यासाठी बहुपर्यायी चाचणी घेण्यापेक्षा त्या साधनाने तयार केलेली, आपल्याच तालुक्यावरची एक स्वाध्यायपत्रिका शिक्षकांच्या हाती द्यावी. त्यात रंधा धबधबा प्रवरेऐवजी मुळा नदीवर दाखवलेला असेल, कळसूबाईची 1646 मीटर उंची चुकलेली असेल, तर ते कोणाच्या लक्षात येते ते पाहावे. मुलांसमोर ठेवण्याआधी तपासून पाहण्याची ही सवय आज शिक्षकाला सर्वांत जास्त लागणार आहे.

हे मूल्यमापन वेतनवाढीशी किंवा बदलीशी जोडू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. पगार अडकला की शिक्षक आपली अडचण लपवतो आणि अडचण कळल्याशिवाय मदत करता येत नाही. निवृत्तीला पाच वर्षे उरलेल्या गुरुजींना ‘मला हे जमत नाही’ असे निर्धास्त म्हणता आले, तर शेजारच्या शाळेतली तरुण शिक्षिका त्यांना दोन शनिवारांत शिकवील. असे घडताना मी पाहिले आहे.

पुण्याच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने एखादा डोंगरी तालुका निवडून पुढच्या शैक्षणिक वर्षात हा प्रयोग करून पाहावा. त्या वर्षापुरते त्या तालुक्याकडून प्रमाणपत्रांच्या टक्केवारीचा तक्ता मागू नये. त्याऐवजी केंद्राच्या शिक्षण परिषदेत दाखवलेल्या कामांच्या नोंदी मागवाव्यात आणि त्या इतर तालुक्यांतल्या शिक्षकांनाही वाचायला मिळाव्यात.

आपला नम्र,
एक सेवानिवृत्त केंद्रप्रमुख,
ता. अकोले, जि. अहिल्यानगर