मंद्या, बोटीचं टोकन द्यायच्या आधी हे वाच

हंट्सव्हिल, अलाबामा
रविवार रात्र

प्रिय मंद्या,

तुझा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होतो म्हणून नीट बोलता आलं नाही. तू पाठवलेले त्या जुन्या बोटीचे फोटो मग रात्री सावकाश मोठे करून बघितले. हे व्हॉट्सअॅपवर तुकड्या तुकड्यात सांगण्यासारखं नाही म्हणून बसून लिहितोय, लांबलंय, पण शनिवारी त्या विकणाऱ्याकडे जायच्या आधी सगळं वाच. आणि तोपर्यंत टोकन म्हणून एक डॉलरसुद्धा देऊ नको, तो कितीही म्हणू दे की दुसरं गिऱ्हाईक दारात उभं आहे.

सरळ सांगतो. २००७ ची, २० फुटी फायबरग्लासची बास बोट (बास मासे धरायला बनवलेली), २२५ हॉर्सपॉवर, ट्रेलरसकट १७,९०० डॉलर, ही किंमत काही अवाच्या सवा नाहीये. बोट चांगली निघूही शकते. पण ती चांगली आहे का हा एक प्रश्न आणि ती तुझ्या कामाची आहे का हा दुसरा, आणि तू पहिल्यावरच अडकलायस. दुसऱ्याचं माझं उत्तर "नाही" असं आहे. का ते सांगतो, मग तुला पटलं तर बघ.

आधी गाडीचं. तुझ्याकडे होंडा ओडिसी, म्हणजे मिनिव्हॅन आहे, तिची ओढायची मर्यादा ३,५०० पाउंड. २० फुटी फायबरग्लासची बोट, त्यावर ती व्ही-सिक्स मोटर, टाकीभर पेट्रोल, चार बॅटऱ्या, ट्रेलर, असं सगळं मिळून साडेतीन-चार हजारांच्या घरात जातं, आणि गाडीत तुम्ही सगळे, कूलर, सामान, ते वेगळंच. नाकापेक्षा मोती जड. ओढेल रे ती एखाद वेळेस, सपाट हायवेवर कळणारही नाही, पण ब्रेक मारशील तेव्हा कळेल, आणि त्याहून जास्त कळेल ओल्या रॅम्पवर बोट पाण्यातून वर काढताना, कारण पुढची चाकं शेवाळावर गरागरा फिरत बसतात आणि मागे रांग लागलेली असते. म्हणजे या बोटीबरोबर ट्रक किंवा मोठी एसयूव्ही घेणं आलंच. मग ती १७,९०० ची बोट कुठे राहिली?

ठेवणार कुठे ते बघितलंस का? तुमच्या एचओएचे (वस्तीतल्या घरमालकांच्या संघटनेचे) नियम काढून वाच. प्लेनोकडच्या बऱ्याच वस्त्यांत ड्राइव्हवेवर बोट उभी केलेली चालत नाही, आणि ट्रेलरची जीभ, म्हणजे पुढची ओढायची दांडी, धरून ही बोट २० फुटांहून बरीच लांब होते, नेहमीच्या गॅरेजात मावत नाही. म्हणजे स्टोरेजचं भाडं बारा महिने, तू वापर नाहीतर वापरू नको.

आता खरं कारण. तू फोनवर म्हणालास, बाबा मार्चमध्ये सहा महिन्यांसाठी येतायत, त्यांना लेकवर न्यायचंय. मला ते ऐकून इतकं बरं वाटलं ना. आपण शाळेत असताना काका वाशिष्ठीवर गरवायला जायचे आणि आपल्याला नुसतं गप्प बसायच्या अटीवर बरोबर न्यायचे, ते मी विसरलो नाहीये. त्या माणसाला तुमच्या टेक्ससमधला लेक फोर्क दाखवायलाच हवा. पण मंद्या, बास बोटीत काका कुठे बसणार याचा विचार कर. ती बोट उभं राहून कास्ट करायला, म्हणजे गळ लांब फेकायला, बनवलेली असते. पुढे सपाट डेक, मागे सपाट डेक, कठडा नाही, धरायला काही नाही, कडा पाण्यापासून जेमतेम हातभर वर. बसायला मधे दोन खोल सीट, त्यात बसायचं म्हणजे गुडघे पार दुमडून खाली उतरायचं आणि उठताना हाताने जोर लावायचा. काकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. आणि फोर्कवर दुपारी वारा सुटला की लाटा उठतात, तेव्हा या बोटीत पाठीला जे दणके बसतात ते मला पण सहन होत नाहीत.

तो विकणारा म्हणतोय की ७० माइलला पळते. पळत असेल. पण एवढा वेग या बोटींना लागतो कशाला ते बघ. पहिली बास बोट १९४८ साली श्रीव्हपोर्टच्या होम्स थर्मनने बनवली, ती स्कीटर, ती छोटी आणि साधी होती, शांत पाण्यात मासा धरायला. मग १९६७ मध्ये रे स्कॉटने आर्कान्सामधल्या बीव्हर लेकवर बास पकडायची पहिली मोठी टूर्नामेंट भरवली, पुढच्याच वर्षी फॉरेस्ट वूडने फ्लिपिनला रेंजर बोटी बनवायला घेतल्या, आणि तिथून पुढे बोटी मोठ्या आणि वेगवान होत गेल्या, कारण टूर्नामेंटमध्ये पहाटे सगळे एकदम सुटतात, चांगल्या जागेवर आधी पोचायचं असतं आणि संध्याकाळी ठरलेल्या मिनिटाला परत यायचं असतं. तुला कुठे पोचायचंय? तू, काका आणि सई, सकाळी एका खाडीच्या तोंडाशी ट्रोलिंग मोटरवर (बॅटरीवर चालणारी छोटी मोटर) हळूहळू फिरणार, उन्हं चढली की परत. शिवाय फोर्कच्या पाण्याखाली झाडं उभी आहेत. १९८० मध्ये लेक झाला तेव्हा बरीच झाडं मुद्दाम तशीच ठेवली, म्हणून तर तिथे एवढे मोठे बास, टेक्ससचा रेकॉर्ड १८.१८ पाउंडाचा मासा १९९२ मध्ये तिथूनच निघालाय. पण त्याच झाडांमुळे आखलेली बोट लेन सोडून भरधाव जायची सोय नाही.

तरीही तू शनिवारी जाणार हे मला माहितीय. जा. बघून तर ये, शिकायला मिळेल. पण मी सांगतो त्या क्रमाने बघ, चकाकणारा मेटलफ्लेक रंग आणि मासे शोधायचे ते दोन मोठे स्क्रीन शेवटी.

त्याला आदल्या दिवशी मेसेज कर की मी यायच्या आधी मोटर चालू करू नका. पोचल्यावर पहिलं काम, मोटरवर हात ठेव. गरम असेल तर त्याने आधीच चालू करून ठेवलीय, म्हणजे थंड असताना स्टार्ट व्हायला त्रास देत असेल अशी शंका घ्यायला जागा आहे. मग लोअर युनिट, म्हणजे प्रोपेलरच्या वरचा तो गिअरचा भाग. त्याच्या खालचा ड्रेन स्क्रू त्याला थोडासा सैल करायला सांग, एक चमचाभर ऑइल पेपर टॉवेलवर घे. काळपट, हिरवट, निळसर काहीही असलं तरी ठीक, पण दुधाच्या चहासारखं दिसलं तर सीलमधून पाणी आत गेलंय. स्क्रूच्या टोकाला चुंबक असतं, त्यावर बारीक राखाडी पेस्ट चालते, बोटाला टोचणारे धातूचे कण चालत नाहीत. स्क्रू काढायला तो नाही म्हणाला तर तिथूनच थँक यू म्हणून गाडीत बस.

कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब मोजायची तपासणी, मेकॅनिककडून करून घे, स्वतः करू नको. सहाही सिलिंडरचे आकडे एकमेकांच्या दहा टक्क्यांच्या आत हवेत, एखादा जरी लांब पडला तरी सोड, कारण पॉवरहेडचं, म्हणजे मुख्य इंजिनाचं, काम निघालं की पाच हजारांच्या वर सहज जातं. तोच मेकॅनिक लॅपटॉप जोडून मोटर किती तास चालली आणि त्यातले किती तास फुल थ्रॉटलवर, ते काढून देईल. जाहिरातीत लिहिलंय "फक्त ३०० तास". मला त्याचा आनंद कमी आणि काळजी जास्त वाटते. इतक्या वर्षांत ३०० तास म्हणजे ती नुसती उभी राहिलीय, आणि उभ्या मोटरीत इथेनॉलवालं पेट्रोल जुनं होतं, पाइप कडक होतात, पाण्याच्या पंपाचं रबरी इंपेलर वाकडं होऊन बसतं. नियमित चालवलेली आणि सर्व्हिसच्या पावत्या असलेली ८०० तासांची मोटर मी डोळे झाकून नाही पण निम्म्या काळजीने घेईन.

फोटोत झाकणाचा रंग बघून मला ती एव्हिनरूड वाटतेय. मोटर वाईट नाही, पण कंपनीने २०२० मध्ये एव्हिनरूड बनवणं बंद केलं, आमच्याकडे तरी तिचा चांगला मेकॅनिक शोधावा लागतो. घेण्याआधी तुझ्या बाजूला कोण आहे ते फोन करून विचार.

आता ट्रान्सम, बोटीची मागची उभी भिंत, जिच्यावर मोटर बोल्टने टांगलेली असते. इथे सगळ्यात जास्त वेळ घालव. बऱ्याच जुन्या बोटींत फायबरग्लासच्या आत प्लायवूड असतं, आणि एखाद्या स्क्रूच्या भोकातून वर्षानुवर्षं थेंब थेंब पाणी गेलं की ते आतून कुजतं, बाहेरून काही म्हणता काही दिसत नाही. मोटर अर्धी वर उचलून घे, तिचं खालचं टोक दोन्ही हातांनी धरून वर-खाली दाब, आणि कोणाला तरी बोल्टांपाशी बघत बसव. भिंत मोटरीबरोबर जरा जरी हलली, बोल्टाशी तडा उघड-मीट झाला, तर कुजलंय. मग प्लॅस्टिकची हातोडी घेऊन वीतभर अंतरावर ठोकत जा. चांगल्या जागी टणक, कोरडा आवाज येतो आणि कुजलेल्या जागी बद्द येतो. माझ्या शेजाऱ्याची बोट बघायला गेलो होतो त्यात डावा कोपरा असाच बद्द वाजला, फळीच्या मागे हात घातला तर लाकूड बोटाने निघत होतं. ते दुरुस्त करायचा खर्च जुन्या बोटीत निघत नाही. तसंच डेकवर अनवाणी चालून बघ, कुठे पाय दबतोय का.

ट्रेलरखाली झोपून तळ बघ. जेलकोटवरच्या (वरच्या चकचकीत थरावरच्या) बारीक रेषांना घाबरू नको, पण आत नख अडकेल असा तडा असेल तर घाबर. मोटरच्या तळाचं पातं, स्केग, फोर्कवरच्या बोटीत झिजलेलं किंवा वाकडं सापडायची दाट शक्यता. झाडावर किती आपटली ते त्यावरून कळतं. ट्रेलरच्या टायरवर डीओटी नंबरचे शेवटचे चार आकडे वाच, ३५१६ म्हणजे २०१६ चा ३५ वा आठवडा. नक्षी नवी दिसली तरी सहा वर्षांवरचा टायर बदलायचा असं धरून चाल.

स्क्रीन, ट्रोलिंग मोटर, बॅटऱ्या यांचे तो वेगळे पैसे सांगेल. जुने स्क्रीन आज फारसे कोणी घेत नाही, आणि साध्या बॅटऱ्या तीन-चार वर्षांत जातात, त्यामुळे त्या धरूच नको.

हे सगळं पास झालं तरच पाण्यात टेस्ट. नुसती होज लावून घराच्या दारात चालू करून दाखवली, त्याला टेस्ट म्हणत नाहीत. लेकवर ने, पूर्ण थ्रॉटलवर कंपनीने दिलेल्या आरपीएमच्या टप्प्यात जातेय का बघ, परत आल्यावर बोटीच्या तळात पाणी किती साठलंय बघ. चालवताना कट-ऑफ स्विचची दोरी (चालवणारा पडला की मोटर बंद करणारी) अंगाला लाव, २०२१ पासून ते फेडरल कायद्यातच आलंय, आणि सईला लाइफ जॅकेट, टेक्ससमध्ये १३ वर्षांखालच्या मुलांना सक्तीचं आहे.

कागद. टेक्ससमध्ये बोटीचं टायटल (मालकीचा कागद) वेगळं, मोटरचं वेगळं, ट्रेलरचे कागद तिसरेच. ट्रान्समच्या उजव्या बाजूला १२ अक्षर-आकड्यांचा हल नंबर, म्हणजे बोटीच्या सांगाड्याचा नंबर, असतो, तो आणि मोटरचा सिरियल नंबर टायटलशी एक एक अक्षर लावून बघ. मोटरचं टायटल "नंतर पाठवतो" म्हणाला तर पैसे पण नंतर. आणि बोट-मोटरवर सव्वासहा टक्के टॅक्स तुझ्या डोक्यावर आहे, तो हिशेबात धर.

मला विचारशील तर तू १७-१८ फुटी अॅल्युमिनियमची बघ, उंच कडांची, जरा खोल, आत उभं राहिलं की मांडीला कठडा लागेल अशी, ९० ते ११५ हॉर्सपॉवरची फोर-स्ट्रोक, यामाहा किंवा मर्क्युरी, पाच-सात वर्षं जुनी. सगळं मिळून साधारण अडीच हजार पाउंडांच्या आसपास राहते, ओडिसी ओढते, पेट्रोल कमी खाते, आणि काका खुर्चीत सरळ बसून गळ टाकू शकतात. बास तर मिळेलच, पण काकांना खायला मासा लागणार. फोर्कवर १६ ते २४ इंचातला बास सोडूनच द्यावा लागतो, त्यामुळे त्यांना क्रॅपी या छोट्या माशावर बसव. रवा लावून तळलेली क्रॅपी खाल्ली की ते तांबोशीचं नाव काढतात का बघू.

शनिवारी स्केगचा, ट्रान्समच्या बोल्टांचा आणि हल नंबरचा फोटो पाठव, मी घरीच आहे, तिथूनच फोन कर. आणि अॅल्युमिनियमच्या जाहिराती आजपासून बघायला लाग, थंडीत लोक विकायला काढतात, मार्चनंतर भाव चढतात. काका आले की त्यांचं मासे धरायचं नॉन-रेसिडेंट लायसन्स काढ, एका दिवसाचं पण ऑनलाइन मिळतं.

काका-काकूंना नमस्कार, वहिनींना सांग की ट्रक घ्यायचा नाही असं मी म्हणालोय.

तुझा,
अभ्या