ड्राय बाल्कनीतल्या वॉशर आणि ड्रायरबाबत अध्यक्षांना पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष,
व्यवस्थापन समिती

विषय : वॉशिंग मशीन व त्यावर ड्रायर बसवण्यास परवानगी, अर्जाचा फेरविचार व्हावा

महोदय,

सप्रेम नमस्कार.

माझ्या अर्जाला समितीचं दोन ओळींचं उत्तर मिळालं : भिंतीला भोक पाडता येणार नाही, स्लॅबवर भार येईल, सबब परवानगी नाही. यातली भोकाची हरकत मला पूर्ण मान्य आहे. बाहेरची भिंत सगळ्यांची आहे. म्हणूनच भोक लागणारच नाही असा ड्रायर मी निवडला. हे अर्जात लिहायचं राहिलं, ती चूक माझी.

ड्रायर म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यासमोर गरम दमट हवा बाहेर फेकणारा ड्रायर येतो. त्याला साधारण चार इंची डक्ट लागतो. त्या डक्टमध्ये लिंट, म्हणजे कपड्यांची झडलेली लव साचते, आणि ती साफ केली नाही तर पेट घेऊ शकते. तो प्रकार मी पहिल्याच दिवशी बाद केला. मला घ्यायचा आहे तो हीट पंपचा. त्यात तीच ती हवा आतल्या आत फिरते. फ्रिजसारख्याच बंद नळ्यांच्या यंत्रणेत एका बाजूला हवा तापते, कपड्यांतून ओल घेऊन येते, दुसऱ्या बाजूला थंड होते आणि पाणी खाली गळतं. बाहेर काही सोडायचं नाही, त्यामुळे भोक नाही. सात-आठ किलो कपड्यांना साधारण दीड ते दोन युनिट वीज जाते. हवा आतच थंड करून पाणी काढणाऱ्या, पण हीटरवर चालणाऱ्या कंडेन्सर ड्रायरला त्याच्या जवळपास दुप्पट लागते. वेळ मात्र जास्त लागतो, दोन-अडीच तास सहज. तो माझा प्रश्न आहे.

आता भार. वॉशरचं वजन 70 किलोच्या आसपास असतं, कारण ड्रम फिरताना मशीन जागेवर राहावं म्हणून आत चक्क काँक्रीटचा ठोकळा बसवलेला असतो. ड्रायर सुमारे 50 किलो. ओले कपडे आणि पाणी धरून सगळं मिळून दीडशे किलो. आपल्या बिल्डिंगमध्ये ड्राय बाल्कनीत दोनशे लिटरचं पिंप काठोकाठ भरून ठेवणारी किमान सहा घरं मला माहीत आहेत, माझं धरून. त्या पिंपातलं नुसतं पाणीच 200 किलो भरतं, आणि त्याचा घेर मशीनएवढाच असतो. ते पिंप मी काढून टाकणार आहे आणि त्याच जागी, आतल्या भिंतीला लागून, मशीन येणार आहे. म्हणजे स्लॅबवरचा भार उलट कमीच होईल.

पिंप गरगर फिरत नाही, असं खजिनदार म्हणतीलच, आणि ते बरोबर आहे. मशीन 1400 फेऱ्यांनी पिळायला लागलं की मिनिटाला 1400 म्हणजे सेकंदाला तेवीसेक फेरे होतात. खरी काळजी घ्यायची ती इथे. माझ्या भावाकडे फिटरने मागचे ट्रान्झिट बोल्ट न काढताच मशीन सुरू करून दिलं होतं. वाहतुकीत ड्रम हलू नये म्हणून कारखान्यात ते आवळलेले असतात. पहिल्याच स्पिनला मशीन वीतभर पुढे चालत आलं आणि खालच्या मजल्यावरचे काका बेल वाजवायला वर आले. तेव्हापासून मी बोल्टांच्या बाबतीत कोणावरही भरवसा ठेवत नाही. आमच्या मशीनचे काढलेले बोल्ट बरणीत ठेवीन, समितीने येऊन मोजावेत. (घर बदलताना ते परत लागतात, म्हणून फेकायचेही नसतात.)

दुसरी गोष्ट उताराची. आपल्या सगळ्या ड्राय बाल्कन्यांची फरशी नहाणी ट्रॅपकडे, म्हणजे पाणी वाहून जायच्या जाळीकडे उतरती आहे. एकट्या मशीनचे पाय वरखाली करून भागतं, पण डोक्यावर दुसरं मशीन असेल तर थोडा कलही वर जाऊन मोठा होतो. त्यामुळे खाली सपाट दगड पक्का बसवून, पाणसळ लावून, मगच मशीन ठेवणार. चाकांचा स्टँड अजिबात वापरणार नाही.

सहसचिवांनी लिफ्टमध्ये विचारलं होतं की आहे त्याच मशीनवर रॅक ठोकून ड्रायर का ठेवत नाही. आमचं मशीन वरून उघडणारं आहे, झाकण उघडायलाच जागा राहणार नाही. शिवाय रॅक म्हणजे भिंतीत आठ अँकर, आणि भोकं तर आपल्याला नको आहेत. समोरून उघडणाऱ्या वॉशरवर त्याच कंपनीचं स्टॅकिंग किट लावलं की दोन्ही मशिनं एकमेकांत अडकतात आणि ड्रायरचे पाय घसरत नाहीत. वॉशर खाली आणि ड्रायर वर, हा क्रम कधीच उलटा करायचा नसतो, कारण जड आणि हादरणारं मशीन तळाशीच हवं.

खरेदीआधी मी भिंतीवर दोन मशिनांच्या मापाची वर्तमानपत्रं चिकटवली : रुंदी 60 सेंटिमीटर, उंची प्रत्येकी 85, मध्ये किट. आईला समोर उभं केलं. ड्रायरची बटणं तिच्या डोक्याच्या वर गेली, आणि त्या पातळीला असलेला पाण्याचा खण, भरलेला, चार-पाच किलोचा, ती रोज काढून ओतणार! तो विचार तिथेच सोडला. ड्रायरचं पाणी नळीने थेट ड्रेनमध्ये जाईल. लिंटची जाळी मात्र दारातच असते, तिथे तिचा हात पोचतो आणि ती प्रत्येक वेळी साफ करायचं काम तिने स्वतःहून घेतलं आहे.

पाण्याबद्दल मी मोकळेपणाने लिहिते, कारण दोन वर्षांपूर्वी आमच्याच जुन्या मशीनचा इनलेट पाइप निसटून खालच्या घराच्या छताला ओल आली होती. ती दुरुस्ती आम्ही करून दिली, पण त्यांना मशीनची धास्ती वाटली तर ती मी समजू शकते. आता गळती झाली की आपोआप पाणी बंद करणारा इनलेट पाइप घेते आहे आणि मशीन थांबल्यावर नळ बंद करायची शिस्त आहेच. ड्रेनचा पाइप फरशीवर सोडणार नाही. तो साधारण 60 ते 90 सेंटिमीटर उंचीवरच्या उभ्या पाइपात सोडायचा असतो. खाली पडू दिला तर मशीन भरतानाच पाणी ओढून बाहेर जातं.

या निमित्ताने एक सांगते. तळमजल्यावर ट्रॅपमधून फेस वर येतो ही तक्रार जुनी आहे. पावडर जास्त घातली की फेस होतोच, पण काही घरांचे मशीनचे पाइप पावसाच्या पाण्याच्या पाइपाला जोडलेले आहेत, ते मी स्वतः मागच्या बाजूने पाहिले आहेत. कोणाचे ते लिहीत नाही. समितीने प्लंबर घेऊन एकदा सगळे विंग पाहावेत, सुरुवात माझ्या घरापासून करावी.

विजेसाठी दोन्ही मशिनांना वेगवेगळे 16 अँपिअरचे पॉइंट घेतले आहेत, मल्टिप्लग नाही. वॉशरचा हीटर एकटाच 2000 वॉटच्या आसपास ओढतो. पॉइंट मशीनच्या मागे नाहीत, बाजूच्या भिंतीवर हात पोचेल तिथे आहेत, अर्थिंग आणि आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, यांसकट.

आणि एक राहिलं. मागच्याच महिन्यात बाल्कनीबाहेर कपडे वाळत घालू नयेत अशी नोटीस आपणच लावलीत. मी ती पाळते आहे. दोरी बाहेर नको आणि ड्रायर आत नको, तर ओल्या चादरी मी जिन्यात घालाव्यात का, एवढंच विचारायचं आहे.

माझी मागणी छोटी आहे : नकार मागे घ्यावा, ड्रेनची जोडणी करताना सोसायटीचा प्लंबर हजर ठेवावा आणि एका कामाच्या दिवशी दुपारी दोन खोकी लिफ्टने वर न्यायला परवानगी द्यावी. हीट पंपचं मशीन आडवं करून आणता येत नाही, म्हणून लिफ्टच हवी. रात्री दहा ते सकाळी सात वॉशर चालवणार नाही, हे लेखी देते.

पुढच्या बैठकीला मी वर्तमानपत्राची ती मापं घेऊन येईन.

कळावे,

आपली विश्वासू,
तिसरा मजला, बी विंग