एकट्याने ओढणाऱ्या मित्रास

नगर,
रविवार संध्याकाळ

प्रिय मित्रा,

प्रभूमध्ये सलाम.

तुझं पत्र पोचलं. फोनवर तू "सगळं ठीक" म्हणून मला गुंडाळतोस, म्हणून मीही कागदच घेतलाय. काकूंचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा, दर खेपेला चार तास. वर नेणं-आणणं, पाणी मोजून देणं, फिस्टुलाचा, म्हणजे डायलिसिसच्या सुईसाठी शीर आणि धमनी जोडलेला हात जपणं, आणि तुझी कंपनीतली शिफ्ट आहेच. एवढं सगळं लिहून शेवटी तू विचारलंस, "रोज प्रार्थनेत देवावर टाकतो म्हणतो, पण उठलो की ओझं तिथंच. टाकायचं म्हणजे नक्की करायचं काय?"

पाळकसाहेबांनी तुला बायबलातल्या नीतिसूत्रांचा तिसरा अध्याय दिला असता, मनापासून परमेश्वरावर भरवसा ठेव, आपल्याच बुद्धीवर टेकू नको, तो. तो तुला बोर्डिंगपासून पाठ आहे. पाठ असून भागत नाही, म्हणून तर तू लिहिलंस.

आधी एक बाजूला काढतो. साक्षीच्या सभेत कोणी उठून सांगतं, मी नोकरी सोडली, औषधं सोडली, देवाने पुरवलं, आणि सगळे हालेलूया म्हणतात. मला त्या साक्षी ऐकताना घरातल्या बाईचा चेहरा बघावासा वाटतो. आपल्या रेव्हरंड ना. वा. टिळकांनी, भजनं लिहिणाऱ्या कवीने, १९१७ साली मिशनची नोकरी सोडली, 'देवाचा दरबार' या ख्रिस्तभक्तांच्या मेळ्याची हाक दिली. माणूस भरवशाचा खराच, त्यांची भजनं म्हणतच आपण वाढलो. पण त्यांच्या हातात पैसा टिकायचा नाही आणि संसार ओढायचा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी. एकाचा भरवसा दुसऱ्याच्या कमरेवर उभा असतो, हे लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्याला नव्याने सांगायला नको. तेव्हा तू शिफ्ट सोड, डॉक्टर सोड, असलं काही मी सांगणार नाही. प्रेषित पौलानेही करिंथात अक्विल्ला नावाच्या कारागिराच्या घरी राहून तंबू शिवले आणि पोट भरलं.

मला या बाबतीत सगळ्यात जास्त पटतात त्या पंडिता रमाबाई. बघ, १८८७ साली अमेरिकेत छापलेल्या आपल्या इंग्रजी पुस्तकात त्यांनी इथल्या उच्चवर्णीय बायकांच्या तीन गरजा मांडल्या, आणि त्यांतली पहिली होती स्वावलंबन. ती लिहिण्याचा अधिकार त्यांना होता. १८७४ च्या सुमाराला दुष्काळात उपासमारीने आईवडील गेले, बहीण गेली. भावाबरोबर पायी देश पालथा घातला, तोही १८८० साली गेला, आणि १८८२ मध्ये नवरा. पदरात तान्ही मुलगी. अशा बाईने स्वतःच्या पायावर उभं राहा म्हटलं, ते कुणाच्या तरी मेहरबानीवर जगणाऱ्या विधवांसाठी. ते त्यांनी पुढेही कधी मागे घेतलं नाही.

पण त्याच रमाबाईंनी पुढे आपल्या साक्षीत लिहिलंय की १८८३ साली बाप्तिस्मा झाला, ख्रिस्ती धर्म मिळाला, पण खुद्द ख्रिस्त मिळाला नव्हता, आणि हे कळायला आठेक वर्षं गेली. एवढी विद्वान, संस्कृत जिभेवर, इंग्लंडच्या मठातल्या भगिनींशीही वाद घातलेली बाई. स्वतःच्या बुद्धीने देव गाठता येत नाही, हे मान्य करायला तिला इतका वेळ लागला. मग तू-मी कोण?

नंतर त्यांच्या हाती ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलरांची हकीकत पडली. हजारो अनाथ मुलं सांभाळली, आणि कुणाकडे पैसा मागायचा नाही, फक्त देवाकडे. आपल्या देशात असं कुणी जगू शकेल का, हा प्रश्न रमाबाईंच्या मनात घर करून राहिला. तिकडे त्यांच्या शारदा सदनाला, विधवांच्या शाळेला, बॉस्टनच्या मंडळाने कबूल केलेल्या दहा वर्षांच्या मदतीची मुदत संपत आलेली. शहाणा माणूस अशा वेळी खर्च आवरतो. तेवढ्यात १८९६ चा दुष्काळ आला आणि या बाई मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली गोळा करून आणायला लागल्या, पाच-दहा नव्हे, शेकडो. केडगावचं मुक्ती सदन त्यातून उभं राहिलं.

आणि तिथे मुली काय नुसत्या प्रार्थनेला बसल्या? शेती, माग, तेलघाणा, छापखाना, सगळं त्याच चालवायच्या. बायबलचं मराठी भाषांतर करायचं, ते छापायचंही तिथेच. भरवसा ठेवलेल्या माणसाला दुप्पट काम असतं असं मला कधी कधी वाटतं. फक्त उद्या धान्य कुठून येणार, याचा हिशेब त्यांनी आपल्या उशाशी ठेवला नाही.

तुझ्या उशाशी तो हिशेब आहे. काम तू करतोसच, त्यात खोट नाही. रात्री दोनला उठून काकूंचा श्वास ऐकत बसतोस, ते काम नव्हे. पौल करिंथकरांस दुसऱ्या पत्रात लिहितो की आशियात आमच्यावर असं संकट आलं की जिवाचीही आशा सोडली, आणि ते यासाठी की आम्ही स्वतःवर भरवसा ठेवू नये, मेलेल्यांना उठवणाऱ्या देवावर ठेवावा. हे वचन आपल्याकडे भिंतीवर टांगतात. त्याच्या खाली दोनच ओळींवर तो करिंथकरांना म्हणतो, तुम्हीही प्रार्थनेने आम्हाला हातभार लावा. ते कोणी टांगत नाही. देवावर भरवसा ठेवला म्हणणारा माणूस लगेच माणसांकडे हात पसरतो, आणि त्याला त्यात काही विसंगत वाटत नाही.

निर्गमाचा सतरावा अध्याय काढ. रफीदीमला अमालेक या शत्रू टोळीशी लढाई. मोशेचे हात वर असले की इस्राएल जिंकतं, खाली आले की अमालेक. ज्याने समुद्र दुभंगला त्याला म्हाताऱ्याचे दोन हात वर धरून ठेवणं जड होतं? पण देवाने ते केलं नाही. बुडाखाली दगड ठेवला, एका बाजूला अहरोन, दुसऱ्या बाजूला हूर, सूर्य मावळेपर्यंत. पुढच्याच अध्यायात सासरा येतो आणि सांगतो, सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच न्यायनिवाडा करत बसतोस, हे बरं नाही, तूही झिजशील आणि हे लोकही. सासरा मिद्यानाचा याजक, बाहेरचा माणूस. मोशेने ऐकलं.

आता तुझं बघ. धाकटा म्हणाला, एक दिवस मी नेतो. तू म्हणालास, त्याला जमायचं नाही. मंडळीतल्या बायका डबा पाठवते म्हणाल्या, तू म्हणालास, आमचं भागतं. दुसऱ्याच्या घरी मयत असो की बारसं, खुर्च्या लावायला पहिला तू. देताना तू कधी मागे हटला नाहीस. घ्यायची वेळ आली की तुझी मान ताठ होते. मी याला नम्रता म्हणत नाही, राग आला तर येऊ दे. आपण देवाला म्हणतो सांभाळ, आणि त्याने पाठवलेल्या माणसाला दारातूनच परत लावतो. ओझं तिथंच राहतं ते यामुळे, असं माझं मत.

काकू बऱ्या होतील असं मी लिहीत नाही. पौलाने माझ्या देहातला काटा काढ म्हणून देवाला तीनदा विनवलं आणि काटा राहिलाच, कृपा पुरे आहे एवढंच उत्तर मिळालं. ते उत्तर पुरं पडतं की नाही, हे तुझ्या जागी बसल्याशिवाय मला बोलता यायचं नाही.

पण बुधवार धाकट्याला दे. वजनाची, बीपीची वही त्याच्या हातात दे, दिवसभराच्या पाण्याचं माप दाखव, फिस्टुलाच्या हातावर बीपी घेऊ द्यायचं नाही आणि डायलिसिसखेरीज दुसरी सुई टोचू द्यायची नाही हे दोनदा सांग. तो पहिल्यांदा उशिरा पोचेल, काहीतरी घरी विसरेल. सेंटरच्या सिस्टर आहेत तिथे, त्यांना रोजचं आहे हे. तू दर अर्ध्या तासाला फोन करू नकोस. त्या वेळात झोप. डब्याला हो म्हण, आणि डबा परत करताना त्यात काही भरून पाठवलंच पाहिजे असं नाही. भाजीत मीठ-पोटॅशियम किती चालतं ते मात्र त्यांना आधी कळव, नाहीतर प्रेमाने बटाट्याचा रस्सा यायचा.

पुढच्या महिन्यात माझं पुण्याला येणं आहे. एक शुक्रवार माझ्याकडे. काकूंना सांग, चार तास माझी बडबड ऐकायची तयारी ठेवा, आणि त्यांना आवडत असतील ती टिळकांची भजनं काढून ठेवा. माझा सूर अजून तसाच आहे, बोर्डिंगातला.

घरात सगळ्यांना सलाम.

तुझा,
पलीकडच्या खाटेवरचा